महिनाअखेरीचा नाताळ

नाताळ येतो २५ तारखेला आणि २५ तारीख म्हणजे पगारावर चालणाऱ्या घरात महिनाअखेर, ही अडचण ज्यांच्या घरात नाताळ होतो त्यांनाच नीट कळते. आमच्या ह्यांची नोकरी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, तिथं बोनस मिळतो दिवाळीला, आणि आमच्या गल्लीत दिवाळी सगळ्यांचीच असते, फराळाचे डबे इकडनं तिकडं जातात, पोरं एकत्र किल्ला करतात, त्यात आमचीही पोरं मातीनं माखलेली असतात, त्यामुळे बोनसचा थोडा भाग तेव्हाच जातो आणि तो जावाच. मग राहतात दीड-दोन महिने, आणि त्या दीड-दोन महिन्यांत उरलेला बोनस घरात नुसता ठेवला तर तो टिकत नाही. गॅस संपतो, शाळेची सहल निघते, गाडीचा टायर जातो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाकीट उघडावं तर आत काही नाही आणि समोर अख्खा सण.

कोल्हापुरात आमची ख्रिस्ती माणसं काल-परवा आलेली नाहीत. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी इथं आले १८५२ साली, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च सगळ्या गावाला माहीत आहे. इतक्या पिढ्यांत नाताळ पार कोल्हापुरी होऊन गेलाय. केक असतो, पण केकच्या आधी चकली, चिवडा, शंकरपाळी, करंज्या, आणि उपासना झाल्यावर दुपारच्या जेवणाला तांबडा-पांढरा रस्सा नसेल तर पाहुण्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणजे खर्चाच्या बाजूनं बघितलं तर दिवाळी आणि ख्रिसमस दोन्ही एकाच घरात, आणि वर भेटवस्तू.

या भेटवस्तूंबद्दलच मला लिहायचंय, कारण दरवर्षी नोव्हेंबर लागला की मैत्रिणी विचारतात, स्वस्तात काय देता येईल गं, शंभर-दीडशेत काहीतरी सांग. आणि मला वाटतं प्रश्न इथंच चुकतो. आधी किंमत ठरवली की माणूस दुकानात जातो आणि महागड्या वस्तूची स्वस्त नक्कल उचलतो, चकचकीत फोटोफ्रेम, मगांची जोडी, सेंटची बाटली जिचा वास दुपारपर्यंतही टिकत नाही. ती वस्तू घेणाऱ्याच्या शोकेसमध्ये जाते नाहीतर पुढच्या वर्षी तिसऱ्याच घरी पोचते. दीडशे रुपये गेलेच की. आधी माणूस बघायचा, त्याच्या घरात काय अडलंय ते बघायचं, मग किंमत आपोआप खाली येते, कारण अडलेल्या गोष्टी बहुतेक वेळा बारक्याच असतात.

आमच्या एका आत्याबाईंचं सांगते. एकट्या राहतात, पेन्शनवर. त्यांच्याकडे गेलं की चहा करताना त्या काडेपेटी घेऊन गॅसशी झटापट करायच्या, लायटर कधीचा बिघडलेला, आणि हात थरथरतो म्हणून दोन-तीन काड्या वाया गेल्याशिवाय बर्नर पेटायचा नाही. कुणी त्यांना साडी दिली, कुणी शाल दिली, कपाट भरलंय. आमच्या थोरलीनं त्यांना चांगला जाड दांड्याचा लायटर आणला, शंभराच्या आतला, त्याला लाल रिबन बांधली आणि एका कागदावर त्यांच्या गॅस नंबर लावायच्या मोबाइल नंबरसकट औषधवाला, रिक्षावाला, आमचा, असे सगळे नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिले, गॅसजवळच्या भिंतीला लावायला. आत्याबाईंनी तिथंच उठून चहा ठेवला. पहिल्या खटक्याला गॅस पेटला, आणि त्यांनी तो बंद करून परत एकदा पेटवला.

सांताक्लॉजच्या मागचे जे खरे संत निकोलस, आत्ताच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे चौथ्या शतकातले बिशप, त्यांची कथा काय सांगतात? एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसे नव्हते, तर ह्यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. मी संडे स्कूलच्या पोरांना ही गोष्ट सांगते तेव्हा सोन्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर जोर देते, की त्या घरात नेमकं काय अडलंय हे त्यांना माहीत होतं. आपण त्या गोष्टीतनं फक्त लाल कपडे आणि गिफ्ट तेवढी उचलली.

आणि हे असं बघायची सवय डिसेंबरमध्ये एकदम लागत नाही, ती घरखर्चातच लागते असं माझं मत आहे. ज्या बाईला माहिती असतं की आपल्या घरात डाळ किती दिवस पुरते, दूध कुठल्या दिवशी उरतं, तिला दुसऱ्याच्या घरातलंही दिसतं. लोक काटकसरीला फार कोरडी गोष्ट समजतात, मला ती तशी कधीच वाटली नाही.

आता साय घ्या. आमच्याकडे म्हशीचं दूध येतं, तापवून गार झालं की जाड साय धरते, ती रोज एका डब्यात काढून फ्रीजमध्ये. इतर महिन्यांत ती साय पोरं भाकरीवर साखर घालून संपवतात, कोण अडवत नाही. पण दिवाळी झाली की सासूबाई डब्यावर लक्ष ठेवतात. साय साठली की तिला विरजण, मग घुसळून लोणी, ताकाची कढी, आणि लोणी कढवून तूप. मी चर्चच्या कॅरलच्या प्रॅक्टिसला निघाले की त्या म्हणतात, "तू जा की, मी कढवतो तूप, करपू देत नाही." आणि खरंच देत नाहीत, मंद आचेवर, बेरी तांबूस झाली की उतरवायचं, वर विड्याच्या पानाचा तुकडा. पोरं बेरीला साखर लावून खातात. ते तूप महिनाभर साठवलं की नानकटाईचं भागतं.

नानकटाई घरात भाजत नाही आम्ही. कोल्हापुरात अजून काही जुन्या बेकऱ्या आहेत जिथं आपलं सामान आपण न्यायचं आणि ते मळून, वळून, भट्टीत भाजून देतात, मजुरी किलोवर. मैदा, त्यात थोडा रवा नि बेसन, पिठीसाखर, तूप, वेलदोडा, सगळं मोजून पिशव्यांत घालून सकाळी द्यायचं, नंबर घ्यायचा, संध्याकाळी रिकामा पत्र्याचा डबा घेऊन जायचं. पाव काढून झाल्यावर भट्टीत जी धग राहते तिच्यावर नानकटाई सावकाश भाजली जाते, म्हणून ती वरनं फुटते आणि आतून कच्ची राहत नाही. घरच्या ओव्हनला एवढी वीज घालून तो गुण येत नाही, मी दोन्ही खाल्लेत. डबा घेऊन येताना झाकण लावायचं नाही, गरम असते, वाफ धरली तर मऊ पडते. तीच नानकटाई मग अर्धा-अर्धा किलो करून जाते भेट म्हणून, शेजारी, ह्यांच्या खात्यातल्या मित्रांकडे, धाकट्याच्या बाईंकडे. घरचं तूप असल्यामुळे विकतच्या बिस्किटाच्या पुड्यापेक्षा कमी पैशात होते आणि वासावरनंच कळतं की हे दुकानातलं नाही.

बाटल्यांचंही सांगून टाकते कारण मला हे विचारणारे फार आहेत. जॅम, लोणचं, मध, कॉफी, यांच्या काचेच्या बाटल्या आमच्याकडे वर्षभर जमतात. लेबल निघत नसेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या, कागद सुटतो, खाली चिकट राहतं ते खाण्याचा सोडा आणि थोडं गोडंतेल एकत्र करून चोळलं की जातं. मग साबण, गरम पाणी, आणि कडक ऊन. झाकणाला लोणच्याचा वास राहिला असेल तर ते झाकण भेटीला वापरायचं नाही, हे मात्र कटाक्षानं. उन्हाळ्यात डंकावर चटणी कुटून आणतो, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, कांदा-लसूण, खोबरं, तीळ, धणे, सगळा मसाला भाजून. त्या चटणीतनं पाच-सहा बारक्या बाटल्या नाताळसाठी तेव्हाच बाजूला काढायच्या, पुण्या-मुंबईला असलेल्या नातेवाइकांना कोल्हापुरी चटणीची बाटली म्हणजे काय असते हे मी कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. मे महिन्यात केलेला खर्च डिसेंबरमध्ये आठवतसुद्धा नाही.

चांदणीचा खर्चही वाचतो. दिवाळी झाली की आकाशकंदील लोक काढून टाकतात, पण आम्हाला लगेच चांदणी लावायची असते, म्हणून सांगाडा ठेवायचाच. नवा करायचा तर बुरुडाकडनं कामट्या आणायच्या, सारख्या लांबीच्या दहा. पाच-पाचच्या दोन सपाट चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं करकचून आवळायची, आणि मधे जिथं कामट्या एकमेकींवरनं जातात त्या पाच जागी चार बोटं लांबीचे तुकडे आडवे खोचायचे, की चांदणी पोटात फुगते. हे खोचायचं काम धाकटा करतो, बारीक बोटं लागतात. मग पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. आत दिवा ९ वॅटचा एलईडी. पूर्वी लोक ६० वॅटचा पिवळा बल्ब लावायचे, आणि चांदणी रात्रभर चालू ठेवतात ना, १२ तास धरले तर डिसेंबरच्या ३१ रात्रींत त्याला २२ युनिटच्या वर जातात, एलईडीला साडेतीनच्या आत. शिवाय जुना बल्ब तापतो, कागदाला धोका. महावितरणच्या बिलात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि त्याच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना दर एकदम चढतो, त्यामुळे ज्याचं बिल शंभराच्या आसपास घुटमळतं त्यानं या युनिटांकडे बघावंच. लायटिंगच्या माळा दिवाळीनंतरच्या आठवड्यात घ्या, तेव्हा दुकानदाराला त्या संपवायच्या असतात.

घरातल्या घरातल्या भेटींचं आम्ही वेगळं केलंय. नाताळच्या जेवणाला आम्ही सगळे मिळून अकरा माणसं, सासरची-दिरांची-नणंदेची पोरं धरून. प्रत्येकानं प्रत्येकाला काही द्यायचं म्हटलं तर ११० भेटी होतात, हिशोब करून बघा. पूर्वी असंच चालायचं आणि सगळ्यांची ओढाताण व्हायची, पण बोलणार कोण आधी, कारण जो बोलेल तो चिकट ठरेल. शेवटी नणंदबाईंनीच विषय काढला, त्यांना मी त्यासाठी मनापासून मानते. आता डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चिठ्ठ्या टाकतो, ज्याला जे नाव येईल त्यानं त्या एकाच माणसाला द्यायचं, गुपचूप, दोनशेच्या आत, आणि विकतचं नसलं तर जास्त चांगलं. चर्चमध्ये तरुण मंडळी ख्रिसमस फ्रेंड म्हणून खेळतात तसंच. पण यात खरी मजा अशी की तीन आठवडे तुम्ही एका माणसाकडे बघत राहता. दिराला माझ्या सासूबाईंची चिठ्ठी आली त्या वर्षी ते रोज काहीतरी कारण काढून घरी यायचे, आईचं काय दुखतंय, काय शोधत असते, चष्मा कुठं विसरते. त्यांनी शेवटी दिली चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी आणि आईच्या जुन्या बायबलला नवं कापडी कव्हर, स्वतः शिवून, ते फौंड्रीतले हात, टाके वाकडे होते पण घट्ट होते.

वाकळ हाही असाच एक प्रकार. जुन्या सुती साड्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, थरावर थर घालून धावदोऱ्यानं शिवलेली वाकळ बारक्या बाळाला जी ऊब देते ती विकतच्या ब्लँकेटला येत नाही. नात्यात कुणाला पहिलं बाळ होणार असेल तर आजीच्या साडीची बारकी वाकळ द्यावी. शिवून घ्यायची असेल तर शिवणाऱ्या बायका अजून आहेत आपल्याकडे, आणि त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नका. एकेक टाका हातानं घालायचा असतो, मान-पाठ जाते त्या कामात.

हे घासाघिशीचं मला जरा जोरातच सांगायचंय. कुठं वाचवायचं आणि कुठं वाचवायचं नाही हे घराघरात ठरलेलं असावं. लक्ष्मीपुरीत बाजारात कोथिंबिरीच्या पेंडीला दोन रुपये कमी कर म्हणून एखाद्या म्हातारीशी वाद घालणारी माणसं घरी येऊन मोबाइलवर सेल बघतात आणि गरज नसलेलं मिक्सरचं भांडं, तिसरा हेडफोन, हप्त्यावर काहीतरी, असं उचलतात. सेलमधली वस्तू अर्ध्या किमतीत मिळाली म्हणजे अर्धे पैसे वाचले असं नसतं हो, लागत नव्हती तर अर्धे पैसे गेले. सासऱ्यांना आम्ही मागं कोल्हापुरी चप्पल दिली, चप्पल लाइनीतनं, खऱ्या कातड्याची, हाताची शिलाई, दोनशेच्या मर्यादेत बसणारी ती भेटच नव्हती, घरातल्या चौघांनी मिळून दिली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण कारागिराच्या हातात किती पडतं ते आपण भाव करताना ठरवतो. ती चप्पल तेल देऊन, पावसात न घालता वापरली की कितीतरी वर्षं जाते, अंगठा तुटला तर शिवून मिळतो. दरवर्षी पावणेदोनशेची रबरी चप्पल घेणाऱ्यापेक्षा ह्यात पैसे वाचतात.

पैसे बाजूला कसे टाकायचे, ते थोडक्यात. कोल्हापुरात पिग्मी प्रत्येक गल्लीत आहे, एजंट दारात येतो, दिवसाला २० रुपये दिले तरी वर्षाला ७,३०० होतात. ही कल्पना मूळची उडुपीकडची, सिंडिकेट बँकेनं १९२८ साली सुरू केली, रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांकडनं रोजचे आणे-दोन आणे गोळा करायला. रोजंदारीवाल्याला, भाजीवाल्या मावशींना ती आजही सगळ्यात सोयीची. पण व्याज कमी असतं, आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, माणशी ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. म्हणून पगार असणाऱ्या घरानं बँकेत बारा महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, लावावी, नोव्हेंबरात सुरू केली की पुढच्या नाताळाच्या आधी हातात येते. आमचा बोनसचा नाताळाचा हिस्साही दिवाळीतच वेगळ्या खात्यात जातो ज्याचं कार्ड घरात कुणाकडे नाही. आणि मोबाइलवरनं स्कॅन करून दहा-वीस-तीस रुपये जातात ना, ते वहीत लिहा. नोट दिली की हाताला कळतं, स्कॅन केलं की कळत नाही. आम्ही फ्रीजवर वही टांगलीय, ज्यानं खर्च केला त्यानं लिहायचं, कुणी कुणाला रागवायचं नाही, नुसतं लिहायचं. महिनाभरात वडापावाचे आकडे बघून पोरं आपली आपण कमी खायला लागली.

डाळ-तांदूळ भिजवून मग कुकर लावणं, शिट्टी झाली की गॅस बारीक करणं, पाकिटावर एमआरपीच्या शेजारी दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो तो वाचणं, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, त्यावर नको लिहायला.

या वर्षीच्या भेटीत आमची मुख्य वस्तू काकवी आहे. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळं ऐन भरात, ऊस चालू, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय मिळालं असलं तरी इथल्या माणसाला गुऱ्हाळावर जायला असं काही कारण लागत नाही. चुलवाणात चिपाड ढकलत असतात, काहिलीत रस उकळतो, भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढतात, आणि गूळ व्हायच्या थोडं आधी गुळव्या सांगतो की आता घ्या. तेव्हा जी तांबूस, दाट धार निघते ती काकवी. भाकरीबरोबर, घावनाबरोबर, थंडीत नुसती चमच्यानं. ओळखीच्या गुऱ्हाळावर थेट घेतली तर दुकानातल्या लेबलवाल्या बाटलीपेक्षा बरीच स्वस्त पडते, शिवाय समोर काढलेली. येत्या शनिवारी ह्यांची सुट्टी आहे, पोरांना घेऊन कागल रोडला जाणार आहोत, बाटल्या धुऊन गच्चीत वाळत घातल्यात. तुम्ही जाणार असाल तर बाटल्या पूर्ण कोरड्या न्या, आत पाण्याचा थेंब राहिला तर काकवी आंबते. काठोकाठ भरू नका, आणि गरम असताना झाकण लावू नका, घरी आणून पार गार झाल्यावर लावा. आजरा घनसाळ तांदूळ मिळाला तर त्याची पाव-अर्धा किलोची पुरचुंडी सोबत द्या, ज्यांना द्यायचंय त्यांना गोड चालत नसेल तर तांदूळ-चटणी द्या, आमच्या यादीत अशी तीन घरं आहेत.